शेताची राखण आणि कार्बाइन

ऊस पुरुषभर वाढला की कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याची झोप हलकी होते. पश्चिमेकडील गावांत रानडुकरांचा कळप एका रात्रीत सऱ्याच्या सऱ्या आडव्या करतो; 2021 साली तर गवा थेट कोल्हापूर शहराच्या वस्तीत आला. अशा वेळी, परदेशांतील पशुपालक वापरतात तशी पिस्तुलाची काडतुसे झाडणारी सुटसुटीत कार्बाइन आमच्या शेतकऱ्यालाही का मिळू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. (शस्त्र मराठीला अपरिचित नाही, जुन्या कागदांतील ‘कडाबीन’ ती हीच किंवा हिची भावंड.)

ही मागणी आम्हांस मान्य नाही. सेनेची 9 मिलिमीटरची काडतुसे झाडू शकणारी कार्बाइन शस्त्रनियमांनी निषिद्ध शस्त्रांत घातली आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मान्य केली, ती काही शेतकऱ्याला हिणविण्यासाठी नव्हे. पिस्तुलाच्या गोळीचा जोर पाच-सातशे ज्यूल; .303 रायफलीचा तीन हजारांवर. जाड कातडीचा, चरबीने मढलेला डुक्कर अशा गोळीने जागीच पडेल याचा भरवसा नाही. तो जखमी होऊन उसात शिरतो, आणि सकाळी पाणी पाजायला गेलेल्या माणसाची गाठ त्याच्याशी पडते! शिवाय नेम चुकला तर छऱ्यांचा जोर काही शे हातांत ओसरतो. ही गोळी मात्र किलोमीटरभर जाऊ शकते. उचगावसारख्या ठिकाणी, जेथे एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला चाळी आणि पलीकडे पुणे-बंगळूर महामार्ग, तेथे अंधारात सुटलेली गोळी कोणाच्या अंगणात पडेल?

पण नकार देऊन सरकारची जबाबदारी संपते काय? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 11 व्या कलमान्वये उभ्या पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारण्याची लेखी परवानगी देता येते. ती कळप निघून गेल्यावर हाती पडली तर तिचा उपयोग कागदापुरताच. बिबट्याची गोष्ट निराळी आहे. बिबटे पकडून दूर सोडल्याने उपद्रव शमत नाही, उलट वाढतो, हे जुन्नरने या शतकाच्या प्रारंभीच पाहिले आहे. तेथे बंदुकीपेक्षा भक्कम, बंदिस्त गोठ्याला साहाय्य देणे अधिक शहाणपणाचे.

आणखी एक गाऱ्हाणे आम्हांस रास्त वाटते. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेण्याचा प्रघात आहे. 2024 ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात, ऐन ऊसतोडीच्या तोंडावर आली. मतदारांना धाक घालणारा गुंड आणि माचाणावर रात्र काढणारा शेतकरी यांत भेद करण्यासाठीच छाननी समित्या नेमलेल्या असतात. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, त्याची पीकरक्षणाची बंदूक त्याच्याकडेच राहू द्यावी. वनाधिकाऱ्याने डुकराच्या अर्जाचा निकाल त्याच दिवशी लावावा, आणि नुकसानीचा पंचनामा तुडविलेला ऊस वाळण्यापूर्वी व्हावा.