बर्फाला दाखला नको, खबर हवी

अलास्कातल्या बेथेल गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा एकही रस्ता नाही. हिवाळ्यात कस्कोक्विम नदी गोठते आणि तीच रस्ता होते. आसपासच्या खेड्यांतली माणसं किराणा, दवाखाना, नातेवाइकांच्या भेटीगाठी सगळं स्नोमोबाइलवरून नाहीतर ट्रकमधून या बर्फावरून उरकतात. अशा नद्यांवरच्या बर्फाची खबर सगळ्यांना एका ठिकाणी मिळावी, अशी सामायिक व्यवस्था उभारायचं म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप यंत्रभक्तांचा: उपग्रह असताना माणसांना कशाला राबवायचं? युरोपचा सेंटिनेल-१ अंधारातही, ढगांआडूनही रडारने पाहतो, हे खरंच. नदी कुठे गोठली, कुठे मोकळी आहे याचं ढोबळ चित्र त्यातून उत्तम मिळतं. पण त्याच्या नेहमीच्या प्रतिमेत साधारण वीस मीटरपर्यंतचाच तपशील दिसतो, आणि एका उपग्रहाची तीच फेरी बारा दिवसांनी येते. स्नोमोबाइल गिळायला दोन मीटरचं भोक पुरतं! शिवाय वाहतं पाणी बर्फाला खालून झिजवतं, वर पडलेलं हिम पांघरुणासारखं थंडी अडवतं, आणि तेच हिम भोकही झाकून टाकतं. बेथेलच्या शोध आणि बचाव पथकाचे स्वयंसेवक अशा जागा स्वतः हिंडून शोधतात आणि तिथे चमकणाऱ्या खुणा रोवतात. हे काम आकाशातून होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्थानिकांना नदी ठाऊकच असते. जाहीर नोंदींमुळे नवखे बेफिकीर होतील, आणि कुणी बुडालं तर जबाबदार कोण?

स्थानिकांचं ज्ञान खोटं नाही, पण ऋतूंनीच आता ताळतंत्र सोडलं आहे. टनाना नदीवरच्या नेनाना गावात बर्फ कधी फुटणार यावर 1917 पासून पैज लागते. त्यामुळे शतकभराची चोख नोंद आयती मिळाली आहे. तिथे बर्फ सर्वात उशिरा फुटला तो 2013 मध्ये, 20 मे रोजी. सर्वात लवकर फुटला तो 2019 मध्ये, 14 एप्रिलला. शंभर वर्षांतली दोन्ही टोकं अवघ्या सहा वर्षांत! त्याच 2013 च्या मे अखेरीस युकॉन नदीवरचं गलेना गाव बुडालं. बर्फ तुंबला होता कित्येक किलोमीटर खाली, बिशप रॉकच्या वळणावर. आपल्या घाटावरची नदी कितीही ओळखीची असली, तरी खालची बातमी दुसऱ्या कुणाकडूनच यावी लागते.

जबाबदारीची भीती मात्र रास्त आहे, आणि तिचं उत्तर नोंदीच्या स्वरूपात आहे. ‘बर्फ सुरक्षित’ असा शेरा व्यवस्थेने कधीच मारू नये. कुठे, केव्हा, किती जाड, काचेसारखा की दुधी, एवढंच लिहावं. पायी जाणाऱ्या एकट्या माणसाला स्वच्छ, टणक बर्फ दहा सेंटिमीटर लागतो, असा सर्वसाधारण संकेत आहे. दुधी बर्फ मात्र निम्म्याच ताकदीचा धरतात. म्हणजे नुसता आकडा फसवा. आणि सगळ्या नोंदींना सारखं आयुष्य देऊ नये. जाडीची चांगली बातमी थोड्याच दिवसांत आपोआप पुसली जावी; उघड्या पाण्याची बातमी मात्र कुणी तिथे जाऊन खात्री करेपर्यंत नकाशावर राहावी.

हे हवेतले इमले नाहीत. अलास्का विद्यापीठाच्या ‘फ्रेश आइज ऑन आइस’ उपक्रमात गावकरी आणि शाळकरी मुलं बर्फाला भोकं पाडून जाडी मोजतात, छायाचित्रं पाठवतात. कॅनडातल्या ‘सिकू’ या मंचावर नोंदीची मालकी नोंदवणाऱ्याकडेच राहते. आपलं ज्ञान बाहेरचे पळवतील, या शंकेला त्यामुळे जागा उरत नाही.

लडाखच्या चादर ट्रेकला जाणाऱ्या मराठी ट्रेकरना हा मुद्दा चटकन पटेल. त्यांची तब्येत लेहमध्ये तपासली जाते. झंस्कार नदीवरच्या बर्फाचा अंदाज मात्र पुढे चालणारा वाटाड्या काठी ठोकून घेतो. ते ठोकणं मागून येणाऱ्या दुसऱ्या गटाच्याही उपयोगी पडायला हवं.

प्रश्न उरतो पैशाचा. अलास्कात वसंत ऋतूत हवामान सेवेचे जलतज्ज्ञ आणि राज्याचे आपत्ती अधिकारी छोट्या विमानांतून फुटत्या बर्फावर नजर ठेवतात, गावोगावी उतरून विचारपूस करतात. त्या उड्डाणांचा खर्च सरकारी मानला जातो. मग नोव्हेंबरच्या कोवळ्या बर्फावर खुणा रोवत फिरणाऱ्या स्वयंसेवकांचं पेट्रोलही नव्या व्यवस्थेच्या अंदाजपत्रकात, तेही संगणकाच्या आधी, मांडलं पाहिजे.