आळशी डोळा

दोन्ही डोळ्यांनीं अधू असलेलें मूल घरच्यांच्या लवकर ध्यानांत येतें. पण एकाच डोळ्यानें पाहणारें मूल चार-चार वर्षें घरांत वावरलें तरी कोणास पत्ता लागत नाहीं. तें अंगणांत धांवतें, चित्रें ओळखतें, भिंतीवरची मुंगीहि आजीस दाखवितें. सर्वांस असेंच दिसतें अशी त्याची समजूत. मग तें तक्रार करणार कशाची?

'काकाक्षिगोलकन्याय' संस्कृतज्ञांस ठाऊक आहे. कावळ्यास बुबुळ एकच, तेंच दोन्ही खोबणींत फिरतें, ही त्यामागील जुनी समजूत. कावळ्याविषयीं ती खरी नाहीं. या मुलांचे मात्र डोळे दोन आणि पाहणारा एकच. एक डोळा तिरळा असला, किंवा दोहोंच्या नंबरांत बरेंच अंतर असलें, म्हणजे मेंदू एका डोळ्याचें चित्र सोडून देऊं लागतो. डोळा वरून निर्दोष दिसतो, पण त्यानें पाहण्यास मेंदू शिकतच नाहीं. शंभरांत एक ते तीन मुलांस हा दोष असतो.

उपाय साधा आहे. योग्य चष्मा द्यावयाचा, आणि जरूर तर चांगला डोळा रोज कांहीं वेळ पट्टीनें झांकून आळशी डोळ्यास कामास लावावयाचें. मध्यम दोषांत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असें अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. मात्र हें सर्व सातव्या वर्षाच्या आंत झालें तर उत्तम. पुढें गुण येणें कठीण होत जातें.

अडचण होते ती आम्हां वडील माणसांचीच. 'तिरळेपणा भाग्याचा', 'मोठेपणीं जाईल', 'मुलीला आतांपासून चष्मा कशाला?' अशा एका वाक्यानें सुनेचा धीर खचतो आणि मोलाचीं वर्षें निघून जातात. सरकारनें २०१३ सालीं सुरू केलेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडीच्या मुलांची वर्षांतून दोनदां तपासणी योजिली आहे. पण खाजगी बालवाडींत जाणाऱ्या मुलाची काळजी घरानेंच वाहिली पाहिजे.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच: तिसऱ्या ते पांचव्या वर्षाच्या दरम्यान प्रत्येक मुलाचे व मुलीचे दोन्ही डोळे नेत्रतज्ज्ञाकडून वेगवेगळे तपासून घ्यावे. तिरळेपणा दिसला, किंवा एकच विशिष्ट डोळा झांकतांच मूल चिडूं लागलें, तर तितकेंहि थांबूं नये. मुंजीस आठवें वर्ष योग्य खरें. पण डोळ्यांचा मुहूर्त त्यापूर्वींच टळून गेलेला असतो.