सिक्स-बीए, टू-फोर-डी आणि कॅन्सरचं औषध: जालन्याला यात जागा आहे का?

कडवंचीतल्या द्राक्षबागायतदाराला जिब्रेलिक ॲसिड आणि सिक्स-बीए म्हणजे काय हे कुणी सांगायची गरज नाही. मोसंबीची फळगळ थांबवायला १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम टू-फोर-डी, हेही जालन्यात पाठ असतं. त्याच टू-फोर-डीचा मोठा डोस म्हणजे तणनाशक. तो पंप नीट न धुता कपाशीवर मारला, की पानं भेंडीसारखी होतात! रेणू एकच, फरक फक्त मात्रेचा.

ही गोष्ट लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने बायोई-थ्री धोरण मंजूर केलं, तेव्हापासून 'शेताऐवजी टाकीत औषध' ही भाषा वाढलीय. त्या टाकीतला खेळ याच संप्रेरकांचा आहे.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत डीएनएचा कोड तोच असतो. संप्रेरकं ही त्याची कॉन्फिग फाइल समजा. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर दाखवलं, की ऑक्सिन जास्त असेल तर मुळं फुटतात, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब. दोन्ही बेताचे ठेवले तर नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. हा गोळा द्रवात सोडून टाकीत वाढवता येतो.

अडचण इथे सुरू होते. भराभर वाढणारी पेशी बहुतेक वेळा औषधी रसायन बनवत नाही. रसायन हे झाडाचं संरक्षण आहे, आणि आरामात खात-पीत असलेल्या पेशीला संरक्षण कशाला हवं? टू-फोर-डी वाढ उत्तम देतं, पण अनेक वनस्पतींत हे उत्पादन दाबून टाकतं. जपानच्या मित्सुई पेट्रोकेमिकलने १९८३ मध्ये शिकोनिन हे लाल रसायन बाजारात आणलं, ते दोन टप्प्यांत: आधी वाढीचं माध्यम, मग उत्पादनाचं. (त्याची लिपस्टिकही निघाली.)

दुसरी युक्ती खोट्या अलार्मची. अळीने पान कुरतडलं की झाडात जास्मोनेट तयार होतं आणि बचावाची रसायनं वाढतात. टाकीत अळी सोडायची नाही, नुसतं मिथाइल जास्मोनेट टाकायचं. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी यू झाडाच्या पेशींत पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधाचं प्रमाण असंच वाढवून दाखवलं. आज जर्मनीत त्यासाठी ७५,००० लिटरपर्यंतच्या टाक्या आहेत.

आपल्याकडचं उदाहरण नरक्याचं. सह्याद्रीतल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्यापासून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं बनतात. त्यासाठी कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलांतून झाडं मुळासकट चोरीला गेली. मुंबईच्या बीएआरसीने २००१ मध्ये त्याच्या पेशींपासून कॅम्प्टोथेसिन मिळवलं, पण लाकडाच्या तुलनेत फारच कमी. म्हणजे युक्ती माहीत आहे, आकडा जमत नाही.

मग जालन्याचं काय? इथे १९६४ पासून महिको आहे, म्हणजे वाण निवडून टिकवण्याची जुनी सवय आहे. मुंबईच्या आयसीटीचा मराठवाडा कॅम्पसही २०१८ पासून इथे आहे, आणि टाकी चालवणं हा रसायन अभियंत्याचाच प्रांत. माझ्या मते खरी मेख संप्रेरकात नाहीच. जास्त उत्पादन देणारी पेशी काही पिढ्यांनी आळशी होते, तिची निवड पुन्हा-पुन्हा करावी लागते. एक बॅच दोन-तीन आठवडे चालते. मध्ये वीज गेली किंवा बुरशी शिरली तर सगळं नाल्यात. हा खर्च फक्त अतिमहाग रसायनालाच झेपतो. अश्वगंधा पाच-सहा महिन्यांत साध्या रानात येते, ती टाकीत वाढवायला कुणी पैसे मागत असेल तर आधी किलोचा भाव विचारा. नरक्याचं गणित वेगळं: झाड तयार व्हायला वर्षं लागतात आणि जंगलात ते उरलंय थोडं. जालन्यात पहिली टाकी बसवायचीच असेल, तर ती यासाठी बसवावी.