लाल ओळ वाचायला शिकवा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बीएस्सी आयटी करणारी, संध्याकाळी क्लासला जाऊन वेबसाइट बनवायला शिकणारी मुले पुष्कळ आहेत. कोड अडून कन्सोलमध्ये लाल ओळ उमटली की त्यांतले बरेच जण ती न वाचताच घालवायच्या मागे लागतात. दोष मुलांचा नाही. ती ओळ वाचायची कशी, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

उल्हासनगरातल्या एखाद्या जीन्सच्या दुकानाचे बिल घ्या. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला देवनागरी नावही चालते. ‘लेट’ने ‘एकूण’ शून्यावर घोषित केले आणि बेरजेच्या ओळीत डावीकडे चुकून ‘एकुण’ टाइप झाले. ऱ्हस्व-दीर्घाची ही चूक माणूस वाचताना पोटात घालतो. ब्राउझरच्या लेखी मात्र ही दोन वेगळी नावे. साध्या स्क्रिप्टमध्ये तो ‘एकुण’ नावाचे नवे ग्लोबल व्हेरिएबल परस्पर तयार करतो, किंमत त्यात टाकतो आणि बिलावर शून्य रुपये येतात. एरर कुठेच नाही! खरा धोका हा आहे. तेच फाइलच्या पहिल्या ओळीत ‘यूज स्ट्रिक्ट’ लिहा; ब्राउझर ‘एकुण इज नॉट डिफाइन्ड’ म्हणत तिथेच थांबेल आणि ओळीचा क्रमांकही देईल. ही सोय २००९ पासून आहे, ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ २०१५ पासून. तरीही जुन्या नोट्सच्या झेरॉक्समध्ये अजून ‘व्हार’च चालू आहे.

पीएचपीचीही तीच कथा. किंमत न दिलेले व्हेरिएबल वाचले तर पूर्वी नुसती ‘नोटीस’ यायची. २०२० मध्ये पीएचपी ८ ने तिची ‘वॉर्निंग’ केली. भाषा बनवणारे इशारा कडक करत असताना शिकवणाऱ्याने ‘एरर रिपोर्टिंग’ शून्य करून तो झाकायला सांगावे, हे चूकच आहे. अशा सवयीची मुले मुलाखतीत चालणारा कोड दाखवतात, पण बिघडलेला कोड समोर आला की गप्प होतात.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांना आणि क्लासचालकांना विनंती आहे : पुढच्या परीक्षेत एक मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम द्या, त्यावर आलेल्या एररचा अर्थ विद्यार्थ्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या, आणि त्या उत्तराला गुण ठेवा.