जिन्यापर्यंतची पावले

तुम्ही इमारतीत राहत असाल तर एका प्रश्नाचे उत्तर द्या. तुमच्या घराच्या दारापासून जिना किती पावलांवर आहे? रोज चार वेळा आपण त्या वाटेने जातो, तरी उत्तर पटकन येत नाही. मलाही आले नव्हते.

गेल्या रमजानमध्ये लोणी काळभोर येथे एका ओळखीच्या कुटुंबाकडे मी इफ्तारसाठी गेलो होतो. सोलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्वी उसाची शेते दिसत. आता तेथे सहा-सहा, सात-सात मजली इमारती उभ्या आहेत. त्यांपैकी एका इमारतीत, पाचव्या मजल्यावर त्यांचे घर आहे. निघताना वीज गेली. लिफ्ट बंद पडली. अंधारात मी भिंतीला हात लावून चालू लागलो आणि पहिल्यांदा चपलांच्या कपाटावर आदळलो. मग सायकल लागली. मग तुळशीच्या कुंड्या, मग कोणाचा तरी रिकामा गॅस सिलिंडर. घरातील आठवीतला मुलगा माझा हात धरून मला जिन्यापर्यंत घेऊन गेला. मला हसू आले; पण खाली उतरल्यावर ते हसू टिकले नाही. त्या अंधारात धूरही असता तर?

इमारत बांधताना या अंतराचा विचार केलेला असतो. आपल्या देशात राष्ट्रीय इमारत संहिता आहे. तिची 2016 सालची आवृत्ती सांगते, की आगीला टिकणारे बांधकाम असलेल्या राहत्या इमारतीत, मजल्यावरील सर्वांत दूरच्या जागेपासून जिन्यापर्यंतचे चालण्याचे अंतर साधारणपणे 30 मीटरपेक्षा जास्त नसावे. आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा असेल तर थोडी सूट मिळते. पॅसेजचे एक टोक बंद असेल, तर तो बंद भाग 15 मीटरपेक्षा लांब नसावा. कारण धुरात माणूस चुकून त्या टोकाकडे गेला, तर त्याला पुन्हा तेवढेच मागे यावे लागते.

तीस मीटर म्हणजे तुमची पन्नास-साठ पावले. उजेडात अर्धा मिनिटही लागत नाही. पण हे अंतर मोजले जाते नकाशावर, आणि नकाशावर चपलांचे कपाट नसते. बांधणाऱ्याने अंतर एकदा मोजले. आपण राहणारे लोक ते रोज वाढवत असतो. माझे स्पष्ट मत आहे, की यात बिल्डरइतकेच आपणही दोषी आहोत.

आगीत जळून मरणाऱ्यांपेक्षा धुराने गुदमरून मरणारे बरेचदा अधिक असतात. 6 ऑक्टोबर 2023 रोजी पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी या इमारतीत असेच घडले. आग लागली तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये. तेथे ठेवलेल्या जुन्या कपड्यांनी पेट घेतला आणि धूर वर चढला. किमान सात जण मृत्यू पावले, चाळीसहून अधिक जखमी झाले. जिना हा माणसांसाठी वाट असतो, तसाच तो धुरासाठी धुराडे असतो. म्हणूनच उंच इमारतींत जिन्याला आग अडवणारे दार बसवतात आणि ते आपोआप बंद होईल अशी सोय करतात. आपण काय करतो? येता-जाता त्रास नको म्हणून त्याला वीट लावून ते उघडे ठेवतो!

दुसरी घटना तुमच्याच वयाजवळच्या मुलीची आहे. 22 ऑगस्ट 2018 रोजी मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवर या इमारतीत आग लागली. चार जणांचा जीव गेला. त्या इमारतीत राहणाऱ्या दहा वर्षांच्या झेन सदावर्ते हिने शेजाऱ्यांना ओल्या कापडाचे तुकडे नाकातोंडावर धरायला सांगितले. हे ती शाळेत शिकली होती. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. ओले कापड काजळी अडवते, विषारी वायू अडवत नाही. ते आपल्याला थोडासाच अवधी मिळवून देते. त्या अवधीत जिना गाठता आला पाहिजे. धूर आधी छताकडे जातो, म्हणून खाली वाकून किंवा रांगत जावे. लिफ्टचा उपयोग मुळीच करू नये.

तुम्ही म्हणाल, "घरे लहान आहेत, सामान ठेवायचे कुठे?" प्रश्न खरा आहे. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तेव्हा सायकल पलंगावर ठेवता येत नाही. पण मग सोसायटीने सायकलींसाठी खाली जागा द्यावी. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार आगीची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते दिले की नाही, हे सोसायटीच्या बैठकीत विचारायला मोठी माणसे संकोचतात. लोणी स्थानकाच्या बाजूला पेट्रोल-डिझेलचे मोठे डेपो आहेत. तेथे आत जाताना काडेपेटीसुद्धा बाहेर ठेवावी लागते. त्याच गावात आपल्या दारासमोर रद्दीचे गठ्ठे रचलेले असतात, याचे मला नवल वाटते. आणि सोलापूर रस्त्यावर संध्याकाळी किती गर्दी असते, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. 101 वर फोन केला तरी बंबाला त्या गर्दीतूनच यावे लागणार.

ईदला मी पुन्हा त्या घरी गेलो. आठवीतल्या त्या मुलाने दारापासून जिन्यापर्यंतची पावले मोजून ठेवली होती. डोळे मिटून मोजली, म्हणाला. एकेचाळीस. पूर्वी अडथळे चुकवत त्रेपन्न व्हायची. त्याच्या खालाने स्वतःचे कपाट आधी आत घेतले, मग शेजारच्या काकूंनी कुंड्या खिडकीत नेल्या. सिलिंडर मात्र तेथेच आहे. गच्चीच्या दाराला कुलूप आहे, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे त्या मुलाला अजून कळलेले नाही. तो विचारतो आहे.