एकाच जातीची झाडे म्हणजे रान नव्हे

दर पावसाळ्यात अंबरनाथ-बदलापूरच्या टेकड्यांवर वृक्षारोपण होते. २०१९ मध्ये तर सरकारने राज्यभर ३३ कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले होते. माझा आक्षेप आकड्याला नाही. एकाच जातीच्या रोपांच्या रांगांना आहे. इकडे पाऊस धो धो पडतो, पण माती वाहून गेलेली टेकडी चैत्रात आमच्या माण तालुक्याइतकीच कोरडी असते.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण झाडाला झाडाची संगत लागते, हे आजीला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. बोरीच्या जाळीत पाखरू बी टाकते, काट्यांमुळे शेळीचे तोंड पोचत नाही, आणि आतून निंब वर येतो. चंदन तर शेजाऱ्याच्या मुळांतून पाणी नि क्षार घेतो. म्हणून रोपाजवळ तूर लावतात. आणि उघड्या टेकड्यांवर आपण वर्षानुवर्षे लावले काय? गिरिपुष्प! मध्य अमेरिकेतले हे झाड भराभर वाढते खरे, पण त्याच्या दाटीखाली गवत फारसे उरत नाही.

माळाला आधी पवना, मारवेल, कुसळी हवी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण गवत विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवली. ही मुभा मला बंदीहून मोलाची वाटते. नाहीतर मेंढ्या विकून लोकांनी झाडांकडे बघत बसायचे का?

यंदा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मलंगगडाच्या पायथ्याशी एक तुकडा नुसता राखून पाहावा. खड्ड्यांसाठी करवंदीच्या जाळ्या तोडू नयेत. गवताच्या जाती मोजाव्यात. त्या ओळखायला जवळच्या पाड्यावरची गवत कापणारी माणसे बोलवावीत, आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी.