गोल्फच्या हिरवळीखालचा सातबारा

अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर हिल्टन हेड हे बेट आहे. सुट्टी घालवायला, निवृत्तीनंतर घर घ्यायला श्रीमंतांची आवडती जागा. तिथल्या एका बंदिस्त वसाहतीचं नाव आजही 'हिल्टन हेड प्लांटेशन' आहे. प्लांटेशन म्हणजे गुलाम राबवायचे ते मळे. आपल्याकडे एखादा बिल्डर टॉवरला 'वेठबिगार हाइट्स' म्हणेल का?

याच बेटावर 1862 मध्ये गुलामीतून सुटलेल्यांनी मिचेलव्हिल हे स्वतःच्या कारभाराचं गाव वसवलं. पुढे त्यांनी जमिनी घेतल्या. 1956 मध्ये पूल झाला, मागोमाग सी पाइन्स रिसॉर्ट आलं, 1969 मध्ये हार्बर टाउनचं गोल्फ मैदान. या गल्ला-गीची लोकांची एक जुनी दफनभूमी आज त्या मैदानालगत, रिसॉर्टच्या फाटकाच्या आत आहे.

जमीन गेली कशी? काही विकली गेली, काही वाढत्या करापायी. पण मला टोचतो तो तिसरा मार्ग. मृत्युपत्र नाही, जमीन सगळ्या वारसांची सामायिक. एकाने हिस्सा विकला की घेणारा कोर्टात जाऊन अख्ख्या जमिनीची विक्री मागू शकायचा. इतर वारसांना आधी खरेदीची संधी देणारा कायदा त्या राज्यात 2006 साली झाला. तोवर हिरवळ कधीच रुजली होती.

आमच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचंच नाव आहे. तुमच्यापैकी अनेकांच्याही असेल. काका म्हणतात, "तू शिकलीस, तूच बघ." गेल्या महिन्यात तलाठ्याकडे जाऊन आले. वारस 11, त्यातल्या तिघांचा पत्ताच नाही.